रंगमंचावर एलईडी: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने गेल्या पावसाळ्यात आठ एलईडी पार (पसरट झोत टाकणारे दिवे) आणि दोन एलईडी प्रोफाइल (नेमक्या कडांचा झोत टाकणारे दिवे) विकत घेतले. तेव्हापासून राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी, गावातल्या एकांकिका, वडसा भागातले झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे, काही प्रयोग आणि मे महिन्यातले बालनाट्य शिबिर या सगळ्यांसाठी मी प्रकाशयोजनेत मुख्यतः हेच दिवे वापरले. पार ‘फोर इन वन’ प्रकारचे आहेत, म्हणजे तांबडा, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार डायोड प्रत्येक भिंगाखाली एकत्र बसवलेले आहेत. प्रोफाइलमध्ये तांबडा, हिरवा, निळा, अंबर आणि लाइम असे पाच रंग आहेत. कंपन्यांची नावे मी मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या दिव्यांना अधिक लागू आहे.

विक्रेता हमखास सांगतो की या दिव्यातून १ कोटी ६७ लाख रंग निघतात. आकडा खोटा नाही, पण तो निव्वळ गुणाकाराचा आहे: तीन रंग आणि प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. नाटकाला लागणारे रंग विसाच्या आत असतात, आणि त्यांतलेही बहुतेक फिकट असतात. ऑर्केस्ट्रासाठी किंवा लग्नाच्या स्वागत समारंभासाठी दिवे घेणाऱ्याचे निकष वेगळे आणि नाटकवाल्याचे वेगळे, हे दुकानात कोणी सांगत नाही. नाटकात दिवा पारखायच्या जागा दोनच आहेत असे माझे आता ठाम मत झाले आहे: नटाचा चेहरा, आणि फेडआउटचा, म्हणजे उजेड हळूहळू विझण्याचा, शेवटचा दहा टक्के भाग.

त्याआधी जिथे एलईडीला तोड नाही ते सांगून टाकतो. हॅलोजनच्या उजेडात निळा भाग मुळातच थोडा असतो, आणि निळे जिलेटीन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, बाकीचे सगळे रंग शोषून तेवढाच भाग पुढे सोडते. ली या कंपनीच्या १८१ क्रमांकाच्या काँगो ब्लू जिलेटिनातून डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचा जेमतेम एक टक्का बाहेर पडतो. म्हणजे १००० वॉटचा पार जाळून हातात पुसटशी रात्र येते, आणि काही प्रयोगांतच ते जिलेटीन मधोमध पांढरे पडते. एलईडीचा निळा डायोड तोच रंग स्वतः निर्माण करत असल्यामुळे सायक्लोरामावरची, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पडद्यावरची, मध्यरात्र आम्हाला पहिल्यांदाच भरीव मिळाली. गडद हिरवा आणि तांबडा यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. सायकवर केशरी संध्याकाळीतून निळ्या रात्रीत सरळ क्रॉसफेड केला, तर मधल्या टप्प्यावर फिकट गुलाबट-जांभळा रंग येतो. काहींना तो आवडतो. मला तो गोडगोड वाटतो, म्हणून मी मध्ये एक मंद, करड्या निळ्याचा क्यू (प्रकाशबदलाचा ठरवलेला टप्पा) घालतो.

चेहऱ्याची गोष्ट निराळी आहे. तांबड्या डायोडचा उजेड साधारण ६३० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्याचा ५२५ च्या आणि निळ्याचा ४६० च्या आसपास अरुंद पट्ट्यांत एकवटलेला असतो. हिरवा आणि तांबडा एकत्र आले की डोळ्याला पिवळा दिसतो, परंतु त्या दोघांच्या मधला, पिवळ्या-केशरीचा खरा पट्टा जवळजवळ रिकामाच राहतो. पांढऱ्या पडद्यावर हा फरक कळत नाही, कारण पडदा जे मिळेल ते परत पाठवतो. गव्हाळ किंवा सावळ्या कांतीचे, हळदीचे, सागवानी चौकटीचे तसे नाही. त्यांचे रंग नेमक्या त्याच पट्ट्यात उलगडतात आणि तिथे उजेडच नसेल तर त्यांच्याकडून परत काय येणार? आमच्या पारमधला पांढरा डायोड ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे थंड पांढरा आहे. समोरच्या बारवर (दिवे टांगायच्या दांडीवर) भाड्याचे ३२०० केल्व्हिनचे, म्हणजे उबदार पिवळसर, हॅलोजन असतात. त्यांच्याशी जुळण्यासाठी पांढऱ्यात भरपूर तांबडा आणि बेताचा हिरवा मिसळावा लागतो, आणि तो हिरवा एका केसाने जास्त झाला की नट आजारी दिसतो, कमी झाला की गुलाबी. मधली जागा सापडते, पण ती एका नटापुरती. शेजारच्या अभिनेत्रीच्या मेकअपचा बेस वेगळा असेल तर तिच्यासाठी ती चुकलेली असते.

पाच रंगांच्या प्रोफाइलने हा प्रश्न बव्हंशी सोडवला. अंबर तो रिकामा पट्टा काही प्रमाणात भरतो, आणि लाइम तर त्याहून अधिक उपयोगी पडतो, कारण तो अरुंद रंग नसून निळ्या डायोडवर फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारे द्रव्य) चढवून मिळवलेला रुंद, पिवळट-हिरवा उजेड आहे. तीनपेक्षा अधिक रंगांचे डायोड एकाच दिव्यात बसवण्याचा विचार नवा नाही; सात रंगांचे दिवे सेलाडोर या अमेरिकी कंपनीने रंगभूमीसाठी बनवले आणि २००९ मध्ये ईटीसी या रंगमंचीय दिव्यांच्या कंपनीने ती विकत घेतली. फक्त आपल्या बाजारात ‘फोर इन वन’ स्वस्त मिळतो म्हणून तोच एलईडी असा समज रूढ झाला आहे. ज्यांना एकदमच सगळे दिवे घेणे परवडत नाही त्यांना मी सांगेन की चेहऱ्यासाठी दोनच घ्या, पण लाइम असलेले घ्या, आणि चार रंगांचे पार मागच्या व बाजूच्या प्रकाशासाठी ठेवा. खोक्यावरच्या ‘सीआरआय ९०’वर (सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) फार विसंबू नये. तो आकडा आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद तांबड्याचा नववा नमुना त्यात धरतच नाहीत. कुंकू, ओठ आणि कांतीतली लाली नेमकी तिथे असते. आर-नाइन, म्हणजे या नवव्या नमुन्याचा आकडा, किती, हे वेगळे विचारावे. विक्रेत्याला ते ठाऊक नसेल तर आपल्याच हातावर दिवा मारून पाहावा, आणि शेजारी एक साधा हॅलोजन लावून पाहावा.

कपडेपटाच्या बाबतीत अरुंद पट्ट्यांचा आणखी एक परिणाम आहे. इतवारीतून घेतलेल्या नऊवारीला महाल भागातल्या दुकानातून जोड म्हणून आणलेला ब्लाउजपीस दिवसाच्या उजेडात आणि हॅलोजनखाली एकरंगी दिसत होता, तो चार रंगांच्या पारखाली उघडपणे वेगळा दिसू लागला. दोन कापडांची रंगद्रव्ये वेगळी असली की असे होते, कारण एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात जुळतीलच असे नसते. हौशी संस्थांच्या तालमी शाळेच्या वर्गात ट्यूबलाइटखाली होतात आणि कपडे रंगमंचावर पहिल्यांदा रंगीत तालमीला चढतात, त्यामुळे ही गोष्ट कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आता आम्ही कापडखरेदीनंतर लगेच एक पार खुर्चीवर ठेवून सगळे कपडे त्याखाली पाहतो. पंधरा मिनिटांचे काम आहे.

आता फेडआउट. साध्या डीएमएक्समध्ये (प्रकाशाच्या बोर्डावरून दिव्यांना हुकूम पाठवण्याच्या पद्धतीत) एका चॅनेलला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. शेवटच्या प्रवेशात ओसरीवरचा उजेड वीस टक्क्यांवरून तीन मिनिटांत विझत जावा अशी दिग्दर्शकाची मागणी असेल, तर हातात ५१ पायऱ्या आणि १८० सेकंद असतात. म्हणजे साडेतीन सेकंदांनी एक पायरी. वरच्या पायऱ्या कळत नाहीत, पण तळाशी २ वरून १ वर येताना पाठवलेला आकडा निम्मा होतो आणि प्रेक्षागृहाला तो धक्का दिसतो. हॅलोजनमध्ये तार तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे पायऱ्या आपोआप पुसल्या जातात. आमच्या प्रोफाइलमध्ये सोळा बिटांचा मोड आहे, त्यात प्रत्येक रंगाला दोन चॅनेल देऊन ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि फेड खरोखर रेशमी होतो. पारमध्ये तो मोड नाही. त्यातला ‘डिमर स्पीड’ मंद ठेवल्यास बरेच निभावते, पण झटक्यात ब्लॅकआउट हवा असेल तेव्हा तीच सोय आडवी येते.

शिवाय हॅलोजन मंद होताना तांबूस होत जातो. आपण सगळे हे पाहतच मोठे झालो आहोत, त्यामुळे विझणारा उजेड उबदार असतो असे मनाने धरूनच ठेवले आहे. एलईडी मात्र शंभर टक्क्यांवर जसा पांढरा तसाच पाच टक्क्यांवरही पांढरा राहतो, आणि कंदिलाच्या प्रवेशात तो राखेसारखा दिसतो. यावर माझा उपाय असा की एकाच क्यूमध्ये निळा आणि पांढरा आधी उतरवायचे, त्यांच्या मागून हिरवा, आणि तांबडा व अंबर सर्वांत शेवटी. ज्या बोर्डावर चॅनेलनिहाय वेळ देता येतो त्यावर हे सहज जमते. भाड्याने मिळणाऱ्या साध्या बोर्डावर दोन-तीन क्यू एकामागून एक लावावे लागतात, आणि ऑपरेटरला तालीम द्यावी लागते.

नागपूरच्या हवेचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. तांबडा आणि अंबर डायोड ज्या संयुगापासून बनतात ते निळ्या-हिरव्याच्या संयुगाहून वेगळे असते, आणि तापमान वाढले की त्यांचा उजेड निळ्यापेक्षा कितीतरी वेगाने उतरतो. डिसेंबरातल्या स्पर्धेत ठरवलेले मिश्रण मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, रंगमंचावरच्या बारखाली कोंडलेल्या गरम हवेत अर्ध्या तासानंतर हिरवट-निळ्याकडे झुकले. आकडे तेच होते, चेहरे ते नव्हते. म्हणून आता मी दिवे निदान अर्धा तास चालू ठेवल्यावरच रंग ठरवतो, आणि तांबडा सुरुवातीला ऐंशी टक्क्यांच्या वर नेत नाही, म्हणजे नंतर वाढवायला जागा उरते. महाग दिव्यांमध्ये ही भरपाई आतल्या आत होते असे कंपन्यांच्या माहितीपत्रकांत असते आणि आमच्या प्रोफाइलपुरते ते खरे ठरले. पारमध्ये तसे काही नाही. उष्णतेमुळे पंखेही जोरात फिरतात. संगीत असलेल्या प्रवेशात ते खपून जाते, पण निःशब्द प्रवेशात पहिल्या तीन रांगांना घरघर ऐकू येते. ‘सायलेंट’ मोड आहे, त्यात उजेड कमी होतो.

विजेचा हिशेब मात्र निर्विवाद आहे. १००० वॉटचे आठ हॅलोजन पार २३० व्होल्टवर सुमारे ३५ अँपिअर ओढतात. आमचे आठ एलईडी पार मिळून सातच्याही आत राहतात, आणि डिमर रॅकची, म्हणजे हॅलोजन मंद-प्रखर करणाऱ्या पेटीची, गरज पडत नाही. झाडीपट्टीत, जिथे रात्रभर चालणारे नाटक जनरेटरवर उभे असते, तिथे याचे मोल अधिक कळले. हॅलोजनचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरला की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो, म्हणून जनरेटर दमला की राजाचा दरबारही दमलेला दिसायचा. एलईडीचा पुरवठा विभाग १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, त्यामुळे पहाटेपर्यंत उजेड ढळला नाही. खुल्या मंडपातली धूळ आणि किडे मात्र भिंगांवर आणि पंख्यांत जमतात. प्रत्येक दौऱ्यानंतर ब्लोअर मारावाच लागतो.

चित्रीकरण करणाऱ्यांसाठी एक सूचना. मोबाइलवर आडवे काळे पट्टे दिसले तर दिव्याच्या मेनूत पीडब्ल्यूएमची (उजेड कमी-जास्त करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद होतो त्याची) वारंवारिता वाढवावी. काही दिव्यांत त्यामुळे तळाचा फेड किंचित खडबडीत होतो, तेव्हा प्रयोगाला एक आणि फोटोसेशनला दुसरी अशी सोय ठेवावी.

केबलबद्दल भाड्याने सामान देणाऱ्यांशी वाद घालायची तयारी ठेवा. माइकची केबल आणि डीएमएक्सची केबल दिसायला सारखीच असते आणि थोड्या अंतरावर माइकची चालूनही जाते, पण डीएमएक्ससाठी १२० ओहमची केबल लागते. नागपूरच्या देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागी, जिथे बोर्ड प्रेक्षागृहाच्या मागे असतो, तिथे माइकच्या केबलवर दिवे मध्येच स्वतःहून लुकलुकू लागतात आणि दोष दिव्याच्या माथी येतो. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनचे टोक बंद करणारा प्लग) लावावा, आणि एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त दिवे जोडायचे असतील तर स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारी पेटी) घ्यावा. टर्मिनेटर घरी बनवता येतो: तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये एक रेझिस्टर. आम्ही चार बनवून ठेवले आहेत आणि प्रत्येकावर लाल टेप चिकटवली आहे, नाहीतर ते हमखास ध्वनिवाल्यांच्या पेटीत जातात.