समृद्धी महामार्गाने नागपूर-डोंबिवली: सात महिने, एक फुटलेलं टायर आणि घर ते घर हिशोब

मागच्या शनिवारी मेहकर सोडून जालन्याकडे येताना मागचं डावं टायर फुटलं. स्पीड ११५, आई मागच्या सीटवर, ब्रेक न दाबता स्टेअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली म्हणून वाचलो. गस्तीची गाडी यायला ४० मिनिटं लागली, तेवढा वेळ आईला घेऊन रेलिंगच्या पलीकडे उभा होतो, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. स्टेपनी लावताना टायरवरचा चार आकडी नंबर वाचला, २१२०, म्हणजे २०२० सालचा एकविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत होती म्हणून बदललं नव्हतं, पाच हजार वाचवत होतो.

जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून दर महिन्याला जातोय, ताई डोंबिवलीला असते. पहिल्या दोन खेपांनंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आता विमानाची गरजच नाही. रस्ता आहेच तसा, कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगत बसायचो ते संपलं, जवळजवळ ८ किमीचा बोगदा आणि घाट कधी उतरला कळतही नाही.

पण ७०१ किमी हे शिवमडका (नागपूरकडचं टोक) ते आमणे आहे हो, घर ते घर नाही! आमणेला उतरलं की बापगाव, गांधारी पूल, कल्याण, मग डोंबिवली, हे पंचवीसेक किलोमीटर संध्याकाळी मला दीड तासाच्या खाली कधीच जमले नाहीत, एकदा तर दोन तास वीस मिनिटं. ही जागा माझ्या डोक्यातून जातच नाही, कारण हिशोब बघा, १२० ने गेलं तर ७०१ किमीला पावणेसहा-सहा तास, ९५ ने साडेसात. जीव मुठीत धरून वाचवलेला दीड तास गांधारी पुलावर उभ्या गाडीत जातो. वर माझी गाडी ९५ ला १८ चं ॲव्हरेज देते, १२० ला १४ पण नाही, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला ११ लिटर पेट्रोल जास्त.

विमान हवेत दीड तासच असतं, पण घरून निघून चेक-इन, बॅगेची वाट, मग मुंबईच्या सहार विमानतळाहून डोंबिवली धरलं तर मला सहा तास लागतात. समृद्धीने जेवणखाण धरून ९५ ने दहा तास. टोल १४४५ कापला जातो, पेट्रोल चार हजारांवर, म्हणजे एकट्यासाठी आधी तिकीट काढलेलं विमानच परवडतं, हे मी जूनमध्ये मान्य करायला तयार नव्हतो. तिघं-चौघं असाल तर मात्र गाडीच.

आणि टायर पाच वर्षांचं झालं असेल तर नक्षी बघत बसू नका. हवा सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असतानाच तपासा, कमी हवेचं टायर सतत दबून दबून तापतं आणि या सरळ रस्त्यावर तासन्‌तास स्पीड उतरतच नाही. मी काल चारही नवीन टाकले. आईने पुढच्या वेळी सिंदखेड राजाला उतरून जिजाऊंचा वाडा बघायचाय म्हणून सांगितलंय, पहाटे पाचला निघणार, ९५ च्या वर जाणार नाही.