गुंजभर सोन्याचं कोकरू

आमचे आजोबा सांगलीत सराफाकडे तराजूवर बसायचे. सोनं हातात आलं की आधी वजन बघायची खोड तिथली. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या जुन्या गावातल्या या नाण्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरलो तोही वजनावरूनच. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेलं पाव डुकाट (डुकाट म्हणजे युरोपातलं जुनं सोन्याचं नाणं) ०.८७ ग्रॅम भरायला हवं होतं, भरत होतं ०.८२. दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी भिंग लावलं, नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि वरच्या कडेला एक मंद ठिपका दाखवला. "इथे कडी होती." कुणीतरी गळ्यात घालून मिरवलेलं नाणं, कडी काढून घासलेलं. विक्रेत्याने त्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता.

इथली खासियत म्हणजे 'कोकरू डुकाट'. पृथ्वीगोलावर उभं कोकरू, सोबत शांतीचा झेंडा. भोवतीच्या लॅटिन ओळीचा अर्थ साधारण 'हे पित्या, शांती देऊन आमच्या काळाला मुकुट घाल'. त्यातली एम, डी, सी, सी ही अक्षरं रोमन आकडे म्हणून मोजा: १०००, ५००, १००, १००. झाले १७००! मी तिथेच उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. मात्र १७०० साल घातलेली ही नाणी पुढेही अनेक वर्षं पाडली गेली, म्हणून नाणं नेमकं कधीचं हे कळायला त्यावरची टांकसाळप्रमुखाची आद्याक्षरं बघायची. हे मालकांनी न विचारता सांगितलं, आणि समोरचं महाग नाणं उशिराचं आहे हेही.

मी घेतलं ते सगळ्यात धाकटं, एक बत्तिसांश डुकाट. पूर्ण डुकाट साडेतीन ग्रॅमचं, म्हणजे हे ०.११, पुरतं गुंजभरही नाही. काळ्या मखमलीवर चिमट्याने ठेवलं तेव्हा मी श्वास रोखून होतो. शिंक आली असती तर ते थेट फरशीच्या फटीत. एवढ्याशा जागेत कोकराचे पाय मात्र मोजता येतात.

किंमत? सोन्याच्या भावाशी तिचा काही संबंध नाही. घासाघीस चालत नाही, मी करून पाहिली. दुकान शनिवारी दुपारीच बंद होतं, आणि आमच्यासारख्या शेजारच्या एर्लांगनहून ऑफिस सांभाळून येणाऱ्यांची पंचाईत होते. डबी तर इतकी मोठी दिली की नाणं आत खुळखुळतं. घरी येऊन कापूस भरला.

त्याच नमुन्याचं चौकोनी नाणंही आहे त्यांच्याकडे. दिवाळीपर्यंत विकलं जाऊ नये.