डीबग लॉगच्या पार्सरसाठी गॉक: कुठे चालतं, कुठे अडतं

ऑक ही १९७७ सालची, बेल लॅब्जमधली, मजकूर ओळीओळीने हाताळणारी भाषा आणि गॉक ही तिची ग्नू आवृत्ती. डीबग लॉगसाठी (प्रोग्रॅमने चुका शोधायला लिहून ठेवलेल्या नोंदींसाठी) साधा पार्सर, म्हणजे ओळीचे तुकडे वेगळे करणारी स्क्रिप्ट, लिहायचा असेल तर सुरुवात गॉकपासूनच करावी. फक्त रिकाम्या जागेवर ओळ तोडून $१, $२ (पहिलं, दुसरं फील्ड) मोजत बसू नये, कारण बहुतेक पार्सर तिथेच बिघडतात. ही ओळ बघा:

२०२४-०३-११ १४:०५:३२,११७ डीबग [वर्कर ३] डीबी.पूल - कनेक्शन मिळालं नाही

‘वर्कर ३’ या थ्रेडच्या (प्रोग्रॅममधल्या समांतर कामाच्या) नावात एक जागा आहे. त्यामुळे पाचव्या फील्डात ‘डीबी.पूल’ या मोड्यूलऐवजी ‘३]’ येतं आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. शिवाय फील्ड जोडून संदेश परत बनवला की सलग दोन-तीन जागांची एकच जागा उरते. संदेशात हेक्स डंप (बाइटांची रांगेत मांडलेली यादी) असेल तर तो कामातून गेला.

म्हणून अख्ख्या ओळीवर मॅच हे फंक्शन चालवावं. गॉकमध्ये मॅचला तिसरं अर्ग्युमेंट म्हणून अ‍ॅरे देता येतो आणि रेगेक्समधल्या (जुळणीच्या नमुन्यातल्या) प्रत्येक गोल कंसाचा तुकडा त्यात क्रमाने येऊन पडतो. ही सोय मॉक या ऑकच्या दुसऱ्या आवृत्तीत नाही, आणि डेबियनवर नुसतं ऑक म्हटलं की बहुधा मॉकच चालतं. तेव्हा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत गॉक स्पष्ट लिहावं.

पर्ल किंवा पायथनची सवय असलेल्यांना रेगेक्समध्ये दोन ठिकाणी ठेच लागते. आकड्यासाठी बॅकस्लॅश-डी चालत नाही, चौकोनी कंसात शून्य ते नऊ असा संच लिहावा लागतो. दुसरं म्हणजे तारकेपुढे प्रश्नचिन्ह लावून लहानात लहान जुळणी मागता येत नाही. गॉक कायम लांबात लांब जुळणी धरतं. संदेशातही चौकोनी कंस असला तर थ्रेडचं नाव तिथपर्यंत ताणलं जातं. त्यावर \[([^]]*)\] हा खात्रीचा उपाय आहे. यात ^ च्या लगेच पुढे ] यायला हवा, नाहीतर संच आधीच बंद होतो.

खरी कसोटी लागते ती अनेक ओळींच्या नोंदींवर. स्टॅक ट्रेसच्या (चूक कुठल्या फंक्शनांमधून आली ते दाखवणाऱ्या यादीच्या) तीस-चाळीस ओळींना वेळ नसते, लेव्हल नसते. त्या मागच्या नोंदीच्या पोटातल्या असतात. गॉकमध्ये हे फार नेटकं जमतं. ओळ तारीख-वेळेने सुरू झाली तर हातातली नोंद छापायची आणि नवी धरायची. नसेल तर ओळ हातातल्या नोंदीला जोडायची. एवढाच नियम. पण एंड ब्लॉकमध्ये (फाइल संपल्यावर चालणाऱ्या भागात) उरलेली नोंद छापायला विसरलं तर शेवटची नोंद गळते, आणि प्रोग्रॅम कोसळला असेल तर कारण बहुधा त्याच नोंदीत असतं. जोडायच्या ओळींना मर्यादाही घालावी, ५०० पुरे. फॉरमॅट मध्येच बदलला तर उरलेली फाइल एकाच नोंदीत साठत जाते आणि मेमरी खाते. कुठल्याच नोंदीत न बसलेल्या ओळी मोजून तो आकडा एररच्या आउटपुटवर टाकावा; पार्सरवर विसंबायचं की नाही, हे त्यावरून कळतं.

वेळेच्या बाबतीत गॉक निम्मंच काम करतं. तारीख-वेळेचे सेकंद करणाऱ्या एमकेटाइम या फंक्शनला वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे सहा आकडे जागा सोडून द्यायचे. मिलिसेकंद त्याला कळत नाहीत; ते आधी वेगळे काढून सेकंदात मिळवावे लागतात. लॉग यूटीसीमध्ये असेल तर दुसरं अर्ग्युमेंट १ द्यावं, नाहीतर मशीनचा टाइमझोन धरला जातो आणि दोन सर्व्हरांचे लॉग एकमेकांशी जुळत नाहीत.

पार्स करण्याआधी ओळ धुवून घ्यावी. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण $ ने (रेगेक्समधल्या ओळीच्या शेवटाच्या खुणेने) बांधलेला रेगेक्स त्यामुळेच फसतो. रंगीत आउटपुट फाइलीत गेलं असेल तर प्रत्येक लेव्हलच्या आगेमागे रंगाचे एस्केप कोड असतात. दोन्ही साफ करायला एकेक ओळ पुरते.

मोठ्या फाइलीवर एलसी_ऑल या भाषेच्या सेटिंगची किंमत सी ठेवली की वेग सहसा वाढतो आणि तुटक्या यूटीएफ-८ बाइटांबद्दलच्या तक्रारीही थांबतात. मात्र मग लांबी बाइटांत मोजली जाते आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटांचं असतं. रोटेट झालेल्या (.१, .२ असे आकडे लावून बाजूला ठेवलेल्या जुन्या) फाइली सगळ्यात जुनीपासून द्याव्यात. शेलच्या क्रमावर सोडलं तर .१ नंतर .१० येते आणि दोन फाइलींमध्ये फुटलेली नोंद भलत्याच नोंदीला चिकटते.

एक तक्रार मात्र आहेच. व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तरी गॉक गप्प राहतं, त्या जागी रिकामी किंमत धरून पुढे जातं. लिहिताना अशा चुका दाखवणारा --लिंट पर्याय चालू ठेवावा.

चालू लॉगवर टेलबरोबर (फाइलीत येणाऱ्या नव्या ओळी दाखवणाऱ्या कमांडबरोबर) लावायचं असेल तर टेलला मोठ्या एफचा पर्याय द्यावा, म्हणजे रोटेशननंतर नवी फाइल धरली जाते. आउटपुट पुढे पाइपमध्ये जाणार असेल तर प्रत्येक नोंदीनंतर साठलेलं आउटपुट लगेच पुढे ढकलणारं एफफ्लशही हवं. तरीही ताजी नोंद पुढची नोंद सुरू होईपर्यंत अडकलेलीच राहते.

लॉग जेसनमध्ये असेल तर गॉक बाजूला ठेवावं आणि जेक्यू हे जेसन वाचणारं साधन घ्यावं. अवतरणचिन्हांच्या आत पुन्हा एस्केप केलेली अवतरणं यायला लागली, की रेगेक्सवर रेगेक्स चढवत न बसता पायथनमध्ये अक्षर-अक्षर वाचणारा पार्सर लिहावा.