सँटोरिनी की निसिरोस?

ग्रीसमधलं ज्वालामुखीचं बेट म्हटलं की बहुतेक जण डोळे मिटून सँटोरिनीचं तिकीट काढतात. त्याआधी निसिरोसचा विचार जरूर करावा, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही बेटांना पुराणकथा चिकटलेली आहे, पण बघायला मिळतं ते अगदी निराळं.

सँटोरिनीचं नाव अटलांटिसशी जोडतात, म्हणजे प्लेटोने सांगितलेल्या, एका दिवस-रात्रीत समुद्रात गडप झालेल्या राज्याशी. पण प्लेटोनेच ते हेराक्लिसच्या खांबांपलीकडे, जिब्राल्टरच्या पुढे असल्याचं म्हटलंय. त्यामुळे हा संबंध मला ओढूनताणून आणलेला वाटतो. खरं घडलं ते या कथेहून मोठं आहे. इसवी सनपूर्व १६००च्या सुमारास इथे प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि दक्षिणेकडचं अक्रोतिरी हे नगर राखेखाली गेलं. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. दोन-तीन मजल्यांची घरं, सांडपाण्याची गटारं, रांजण असं सगळं जागच्या जागी सापडलं. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत. त्या रिकाम्या गल्ल्या बघताना अंगावर काटा येतो. भित्तिचित्रं फिरा गावातल्या आणि अथेन्सच्या संग्रहालयात आहेत, तीही चुकवू नका. इआ गावातल्या प्रसिद्ध सूर्यास्ताला मी त्यानंतरची जागा देईन, कारण उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

निसिरोस कोस बेटाच्या दक्षिणेला आहे. पॉलिबोटिस नावाचा राक्षस पळून जात असताना समुद्रदेव पोसायडनने कोसचा एक तुकडा मोडून त्याच्या अंगावर फेकला. तोच तुकडा म्हणजे निसिरोस, आणि जमिनीतली घरघर म्हणजे त्या राक्षसाचं कण्हणं. स्टेफानोस विवराच्या तळाशी उतरल्यावर ही कथा पटायला लागते. सुमारे ३०० मीटर रुंदीचं पिवळट मैदान, भेगांतून फुसफुसणारी वाफ, गंधकाचा उग्र दर्प. जाड तळाचे बूटच घाला. सह्याद्रीचा काळा पाषाण आपल्या ओळखीचा असला तरी तो लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. इथली जमीन अजून गरम आहे. सँटोरिनीजवळच्या नेआ कामेनी या छोट्या बेटावरही लाव्ह्यावरून चालता येतं, तिथला शेवटचा उद्रेक १९५०चा. तरी निसिरोसचा अनुभव जास्त थेट आहे.

प्रवासात सँटोरिनी सोपं पडतं. अथेन्सहून विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येतं, बोटही मिळते. निसिरोसला विमानतळ नाही. कोसपर्यंत विमान आणि पुढे बोट. २०२५च्या सुरुवातीला सतत भूकंप झाल्याने सँटोरिनीहून हजारो लोक बाहेर पडले होते, म्हणून निघण्याआधी बातम्या बघाव्यात. शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे सोय होते: सँटोरिनीला फावा डाळ आणि टोमॅटोची भजी, निसिरोसला हरभऱ्याची.

इतिहासाची ओढ असेल, किंवा ग्रीसला पहिल्यांदाच जात असाल, तर सँटोरिनी घ्या, पण मे महिन्यात किंवा सप्टेंबरअखेर. मुलं बरोबर असतील किंवा भूगोलाचं वेड असेल तर निसिरोस, आणि तिथल्या मांद्राकी या मुख्य गावात मुक्काम ठेवूनच, म्हणजे कोसहून येणाऱ्या पर्यटकांच्या आधी सकाळी विवरात उतरता येईल. परतीचं विमान मात्र बोटीच्या दिवशीचं घेऊ नका. वारा सुटला की बोटी रद्द होतात.