पालथ्या बाळासाठी पाण्याची मॅट: चार महिन्यांनंतर

लेक दीड महिन्याची असताना तिला पालथं घातलं की अर्ध्या मिनिटात रडं सुरू व्हायचं. दोन्ही हात छातीखाली अडकलेले, नाक चादरीत आणि मान उचलून उचलून चेहरा लालबुंद. माझा जीव खालीवर व्हायचा, मी लगेच उचलून घ्यायचे. त्याच आठवड्यात पाण्याची मॅट भेट आली. कडेला हवा भरायची, मधल्या कप्प्यात पाणी, आत रंगीत मासे आणि चांदण्या. खोक्यावरच्या फोटोतलं बाळ मान ताठ करून हसत होतं.

आमच्याकडे पहिल्याच दिवशी फसलं. मी पाणी काठोकाठ भरलं आणि मॅट मधोमध टम्म फुगली. लेकीच्या कोपरांना टेकायला जागाच मिळेना, ती एका अंगाला घसरत राहिली आणि आणखीच रडली. मॅट गुंडाळून ठेवून दिली. आज वाटतं, तो निर्णय बरोबर होता. ज्या बाळाची मान अजून डुगडुगते, त्याच्यासाठी ही वस्तू नाही.

त्या दिवसांत खरा उपयोग झाला तो माझ्या छातीचा. मी मागे रेलून बसायचे, ती माझ्यावर पालथी, आणि माझा आवाज आला की चेहरा शोधायला ती डोकं वर करायची. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे आपला चेहरा अगदी बरोबर अंतरावर येतो. जमिनीवर ठेवताना मऊ टॉवेलची बारीक गुंडाळी काखांखाली घालायचे आणि कोपरं खांद्यांच्या जरा पुढे आणायचे. एवढ्याने रडणं निम्म्यावर आलं. समोर पांढऱ्या कागदावर काळे जाड पट्टे काढून उभे केले, त्याकडे ती टक लावून बघायची. दूध पाजल्यावर लगेच मात्र नाही, एकदा सगळं बाहेर आलं तेव्हा समजलं.

तीन महिने पूर्ण झाल्यावर मॅट पुन्हा काढली. या वेळी पाणी जेमतेम दोन बोटं, तेही कोमट, कारण गार प्लास्टिक पोटाला लागलं की ती दचकायची. उघडी त्वचा चिकटते, म्हणून छातीखाली पातळ सुती दुपटं. आणि मग तो नारिंगी मासा! तिने मूठ दाबली, मासा सटकला. ती थांबली. लाळेचा एक थेंब प्लास्टिकवर पडला, तिकडेही बघून झालं. परत मूठ, परत मासा गायब. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूठ उघडली, पाच बोटं पसरली, आणि पुढच्या आठवड्यात सगळा भार एका कोपरावर टाकून दुसरा हात पुढे गेला. हे मी तिच्याशेजारी पोटावर झोपून बघत होते. त्या एका हातासाठी मॅटला माझे पूर्ण गुण.

बाकी गुण कापावे लागतात. वाल्व्ह बसवताना बोटं दुखतात. दीड महिन्यात शिवणीतून पाणी झिरपायला लागलं, खालची सतरंजी ओली झाल्यावर लक्षात आलं. आतलं पाणी दर आठवड्याला बदललं नाही तर बुळबुळीतपणा येतो, आणि कप्पा आतून वाळवणं हे मोठंच काम आहे. शिवाय एका बैठकीला पाच-सहा मिनिटं झाली की तिचं मन उडायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांमध्ये, अजून रांगत-सरकत नसलेल्या बाळासाठी जागेपणी दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं असं आहे. एकट्या मॅटवर तेवढं होणार नाही. आम्ही तुकडे पाडले: लंगोट बदलल्यावर दोन मिनिटं, मांडीवर आडवी घालून तीन, आरशासमोर चार. आरसा, न फुटणारा, माझ्या मते मॅटपेक्षाही सरस. त्यातल्या बाळाशी ती गप्पा मारायची, आणि त्यात गळणारं काही नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मॅटवर डोळे मिटायला लागले की त्याच क्षणी उचला आणि सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. झोपताना उताणं, जागेपणी पालथं, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात: उताणं झोपल्याने झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो, आणि पालथं खेळल्याने मान-खांद्यांना बळ येतं, डोक्याची मागची बाजू चपटी होण्याचं प्रमाणही कमी होतं. फोन वाजला तरी बाळाला मॅटवर एकटं सोडू नका. खाली पाणी आहे.

घ्यायची असेल तर बाळ मान धरायला लागल्यावर घ्या, आणि कोणाची वापरलेली चांगल्या अवस्थेत मिळाली तर तीच घ्या, कारण तिचं आयुष्य थोडं असतं. आमची लेक आता साडेपाच महिन्यांची आहे. मॅटवर ठेवली की दोन मिनिटांत कुशीवर वळते, उताणी होते आणि आरशाच्या दिशेने हात करते.