पुडीने दोन दिवसांत सूज उतरली, तर सावध व्हा

आमवातावरची, म्हणजे र्‍हुमेटॉइड आर्थ्रायटिसवरची फसवणूक बहुतेक ठरलेल्या वाटेने होते. महिन्यातून एकदा लॉजवर 'वैद्य' उतरतो, नाडी बघतो, महिनाभराच्या बिनलेबलच्या पुड्या देतो आणि 'इंग्रजी गोळ्या' बंद करायला लावतो. पैसे रोख, पावती नाही. वांगं, दही, आंबट वर्ज्य. गुण आला नाही तर पथ्य मोडलं म्हणायची सोय आधीच करून ठेवलेली.

पण गुण येतो, आणि संशय तिथेच यायला हवा. सकाळी तासभर बोटं आखडणारी बाई तिसऱ्या दिवशी धुणं पिळायला लागते. सूज इतक्या झटपट आणि इतकी उतरवणारं औषध म्हणजे स्टेरॉइड. या आजारावरच्या नेहमीच्या औषधाचा, मेथोट्रेक्सेटचा, गुण दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. पुडीच्या भुकटीत कुटून घातलेली डेक्सामेथासोन या जहाल स्टेरॉइडची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे सुमारे २७ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, हेही स्टेरॉइडच! डॉक्टरही या आजारात प्रेडनिसोलोन देतात, पण बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम, थोडे दिवस, मात्रा उतरवत.

मग भूक वाढते, चेहरा गोल होतो. घरचे म्हणतात, अंग धरलं. मागोमाग साखर आणि रक्तदाब चढतो, जरा लागलं की काळंनिळं पडतं, हाडं ठिसूळ होतात. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा बदलावा लागतो. पुड्या संपल्या की दुखणं उसळतं, आणि औषध लागू पडत होतं असं वाटून माणूस पुन्हा लॉज गाठतो.

भेसळ कळली तरी पुडी एकदम बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल, तर शरीरात तयार होणारं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, मंदावलेलं असतं. अचानक थांबवल्यास उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं. उरलेल्या पुड्या घेऊन लगेच र्‍हुमेटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे, जा. ते मोजून प्रेडनिसोलोन देतात, हळूहळू कमी करतात, सकाळचं कॉर्टिसोल तपासतात.

घरात पडलेलं मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने सुरू करू नका. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी घटतात, जीवही जातो.

दोन-तीन पुड्या न उघडता ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले असतात. संधिवात बरा करण्याची जाहिरात १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. त्या 'वैद्या'चं पत्रक मिळालं असेल तर तेही तक्रारीला जोडा.