बिलावर चार इरिडियम प्लग, इंजिनात मात्र भलतंच

इंजिनातलं मिश्रण ठिणगीने पेटवणारा स्पार्क प्लग एकदा घट्ट बसला, वर त्याला वीज पुरवणारी कॉइल चढली आणि टाकी जागेवर आली, की पुढचे हजारो किलोमीटर तो कोणाच्या नजरेला पडत नाही. झिजलेला टायर दिसतो, चेन सैल झाली तर आवाज येतो. प्लग बदलला का, आणि बदलला तर कोणता घातला, हे गाडीच्या मालकाला फक्त बिलावरून कळतं. माझी फसवणूक नेमकी इथेच झाली. लांबच्या प्रवासाआधी गाडीची सर्व्हिसिंग करून घेणाऱ्या कोणाचीही होऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझी टूरिंग मोटरसायकल चार सिलिंडरची आहे, चारही एका ओळीत. बाहेरच्या दोन सिलिंडरचे प्लग फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, काढली की बाजूने हात घालून निघतात. मधल्या दोघांसाठी टाकी उचलायची, एअर फिल्टरचा डबा काढायचा, त्याचे पाइप, क्लॅम्प आणि सेन्सरच्या वायरी सोडवायच्या. काम कठीण नाही, पण वेळ खातं, आणि मजुरी त्या वेळेचीच लागते. मला दोन गोष्टींत फसवलं गेलं, मालात आणि मजुरीत.

प्लग बदलायचं अंतर पुरं होत आलं होतं आणि पुढे मोठा दौरा होता. गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या लोकांनी एका गॅरेजचं नाव सुचवलं. मालक अगदी अदबीने बोलणारा. म्हणाला, "ताई, साधे निकेलचे कशाला घालता? इरिडियम घाला. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, इंजिन थंड राहील."

इरिडियमचा खरा फायदा काय, हे इथेच सांगते. निकेल साधारण १,४५० अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम २,४०० च्याही वर. झीजही फार सावकाश होते. म्हणून मधला इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी पाडणारा दांडा, बारीक ठेवता येतो. साध्या प्लगात तो अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो, इरिडियममध्ये ०.६, काही प्लगांत तर ०.४ मिलिमीटर. टोक बारीक असलं की ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं, गार इंजिन पटकन सुरू होतं, आणि प्लग जास्त टिकतो. फायदा एवढाच, आणि टूरिंगसाठी तो पुरेसा आहे. धडधाकट इंजिनाची ताकद त्याने जाणवण्याइतकी वाढत नाही. इंजिन थंड राहण्याचा तर धातूशी संबंधच नाही. प्लग स्वतः किती तापतो आणि आपली उष्णता हेडमध्ये किती लवकर सोडतो, हे त्याच्या हीट रेंजवर ठरतं. "इरिडियमने इंजिन थंड राहतं" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याच्याकडून प्लग घेऊ नका.

त्याने काउंटरवर चार डब्या मांडल्या. डबीवरचा कोड मी मॅन्युअलशी ताडून पाहिला, तो बरोबर होता. काम झाल्यावर मी जुने प्लग मागितले. "ते भंगारात गेले, ताई." बिलावर लिहिलेलं होतं, चार इरिडियम प्लग, टाकी आणि एअरबॉक्स काढून बसवण्याची मजुरी. गाडी एका बटनात सुरू झाली. आयडलिंगही छान होतं.

त्रास सुरू झाला तो प्रवासात. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे नवरा, आणि लांब चढ. थ्रॉटल एका जागी धरून ठेवला की गाडी बारीक झटके द्यायची, जणू कोणी क्षणभर इग्निशन बंद-चालू करतंय. पूर्ण उघडला की झटके गायब. आधी पेट्रोलवर संशय गेला. टाकी रिकामी होत आली तशी दुसऱ्या पंपावर भरली, फरक पडला नाही. अ‍ॅव्हरेजही घसरलं. हेल्मेटमधल्या हेडसेटवर एक करकर यायची, इंजिनाचा वेग वाढला की तिचा सूर चढायचा. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कोणाच्या मनात येईल? पण संबंध होता.

वाटेत एका छोट्या गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी मला बाजूला उभं करून, माझ्यादेखत चारही प्लग काढले. त्यांनी आधी कॉम्प्रेस्ड हवेने प्लगचे खड्डे साफ केले, नाहीतर खड्ड्यातली माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. आणि तिथेच ते थांबले. बाहेरचे दोन खड्डे स्वच्छ होते. मधल्या दोघांच्या कडेला धुळीचा जुना, दाबून बसलेला थर होता, आणि कॉइलचं रबर जागेवर चिकटून बसलेलं. "ताई, इथे कोणाचा हात लागलेला नाही. टाकीच्या बोल्टवरही पान्याची खूण नाही."

मधले प्लग निघाले ते निकेलचे. गाडी कारखान्यातून आली तेव्हाचे. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या. गॅप, म्हणजे मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधलं अंतर, ०.९ मिलिमीटर हवा होता, तिथे फीलर गेजचं (अशी अंतरं मोजायच्या पात्यांचं) १.१ चं पातं सहज आत गेलं. गॅप वाढला की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कॉइलवर ताण येतो. मोजलेल्या मजुरीतला मोठा भाग ज्या कामाचा होता, ते झालंच नव्हतं.

बाहेरचे दोन बदललेले होते, पण ते पाहून मला जास्त राग आला. लांबून ते इरिडियमसारखेच दिसत होते, बारीक टोक, पांढरी चिनी माती, नामांकित कंपनीचं नाव. मिस्त्रींनी भिंग दिलं. खऱ्या इरिडियम प्लगात ते टोक खालच्या निकेलला लेझरने जोडलेलं असतं आणि जोडाची बारीक कडी दिसते. इथे कडीच नव्हती. निकेलसारखाच दिसणारा दांडा घासून बारीक केलेला होता, आणि एवढ्याशा प्रवासात त्याचं टोक बोथट झालं होतं. दोन्ही प्लगांचे गॅप वेगवेगळे. बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर नव्हता, एकीकडे कललेला. आट्यांवर खरखर. वॉशर बोटाने ओढला तर सरळ निघून आला. खऱ्या प्लगचा वॉशर असा गळून पडत नाही, आट्यांवर अडकवलेला असतो. अक्षरं तेवढी ठीक छापलेली, कारण गिऱ्हाईक फक्त अक्षरं वाचतं हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे.

मग त्यांनी मल्टिमीटरची एक टोचणी प्लगच्या डोक्याला आणि दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला लावली. आकडा जवळजवळ शून्य. कोडमध्ये आर हे अक्षर असलेल्या प्लगच्या पोटात रेझिस्टर असतो, सहसा ५ किलोओमच्या आसपासचा. ठिणगीमुळे उठणाऱ्या विद्युत गोंगाटाला तो आवर घालतो. हेडसेटमधली करकर रेझिस्टर नसल्यामुळे होती. हाच गोंगाट इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच्या सेन्सरांपर्यंतही पोचू शकतो. आजकालच्या टूरिंग गाडीत एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, इंजेक्शन, सगळंच या सिग्नलांवर चालतं. त्यामुळे रेझिस्टर नसलेला प्लग म्हणजे फक्त रेडिओची खरखर नव्हे.

सर्वांत काळजीची गोष्ट मी शेवटी पाहिली. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची चिनी माती खडूसारखी पांढरी पडली होती आणि तिच्यावर बारीक ठिपके होते. व्यवस्थित चालणाऱ्या प्लगवर तिथे फिका तपकिरी किंवा करडा रंग येतो. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते, आणि ८०० च्या बरंच वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागतं. छापलेला हीट रेंजचा आकडा बरोबर असला तरी आतली बनावट तशी नव्हती, प्लग तापत होता. मागे माणूस, पेट्या भरलेल्या, लांब चढ, अशा वेळी प्लगवर सर्वांत जास्त भार येतो. हेच तापणं आणखी चाललं असतं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडेपर्यंत गोष्ट गेली असती. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं, चारही सिलिंडरचं ठीक आलं, तेव्हा जिवात जीव आला. त्यांच्याकडे माझ्या गाडीला चालणारे निकेलचे खरे प्लग होते. तेच घातले, आणि झटके थांबले. हेडसेटही शांत झाला.

परतल्यावर मी चारही प्लग घेऊन त्या गॅरेजात गेले. मालक म्हणाला, "मधले चांगले होते म्हणून ठेवले, उगाच तुमचा खर्च कशाला?" बिलावर चार का लिहिले, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाहेरच्या दोघांविषयी तो म्हणाला, "माल वरूनच असा येतो." आणि शेवटी, "वाटेत दुसऱ्याने प्लग काढले ना ताई? मग त्यानेच बदलले असतील." पैसे परत मिळाले नाहीत. माझ्याकडे बिल होतं, पण गाडीत काय घातलं गेलं याचा पुरावा नव्हता. मिस्त्रींचं म्हणणं त्याने दोन वाक्यांत उडवून लावलं.

म्हणून आता सांगते ते प्लग घालण्याआधीच करायचं आहे. डबी स्वतः उघडा. चारही प्लग शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. एखादा जरी वेगळा दिसला, गॅप वेगळा असला, छपाई फिकट असली, तरी बाजूला ठेवा. मल्टिमीटर स्वस्त असतो, तो घरी असू द्या. आर असलेल्या प्लगवर काही किलोओमचा आकडा यायलाच हवा. शून्य आला किंवा काहीच आलं नाही, तर प्लग परत करा. चिनी मातीवर, आट्यांपासून दूर, पक्क्या मार्करने लहानशी खूण करा आणि कामगाराला दाखवूनच करा. नंतर "बदलले असतील" म्हणायला जागा उरत नाही. जुने प्लग काम सांगतानाच मागून ठेवा, बिल झाल्यावर नव्हे. आधी सांगितलं की ते भंगारात जात नाहीत. जुने प्लग तुमच्या मालकीचे आहेत, शिवाय त्यांच्या रंगावरून प्रत्येक सिलिंडरची तब्येत कळते.

कोड वाचायला शिका, फार अवघड नाही. उदाहरणार्थ, एनजीके या प्लगच्या कंपनीचा सीपीआर८ईए-९ घ्या. सी म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचे आटे, पी म्हणजे थोडी बाहेर आलेली चिनी माती, आर म्हणजे रेझिस्टर, ८ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९. लांबी चुकली तर प्लग पिस्टनला लागू शकतो, किंवा आखूड पडून हेडच्या आट्यांवर काजळी साठते. "दुसऱ्या कंपनीचा आहे, पण नंबर तोच" हे वाक्य तर अजिबात ऐकू नका. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो, बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की गरम. एनजीकेच्या ८ ला डेन्सोचा २४ जुळतो. आकडा सारखा असण्याचा काहीच अर्थ नाही, जुळणी कंपनीच्या तक्त्यातूनच बघायची.

इरिडियमचा गॅप कोणी पान्याने ठोकून किंवा नाण्यासारखं गेज मध्ये घुसवून "सेट" करायला लागलं तर थांबवा, बारीक टोक तिथेच मोडतं. लागलंच तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड जपून वाकवायचा. प्लग आधी हाताने फिरवून बसवावा, अडला तर उलटा काढून पुन्हा लावावा. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा. १० मिलिमीटर आट्यांना साधारण १० ते १२ न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्यांना १५ ते २०. नेमका आकडा मॅन्युअलमधला. गॅरेजात टॉर्क पानाच नसेल तर मी तरी प्लगचं काम तिथे देत नाही, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो.

ज्यांनी अलीकडेच प्लग बदलून घेतले आहेत आणि स्थिर वेगात गाडी झटके देते, किंवा हेडसेट इंजिनाबरोबर करकरतो, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नये. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सर्वांत आतला, काढायला सर्वांत त्रासाचा प्लग आधी काढायला सांगा, आणि तो निघेपर्यंत शेजारी उभे राहा.